जबड्यातली गाठ: सुईची तपासणी की बायोप्सी?
दाढेमागे खालच्या जबड्यात न दुखणारी सूज हळूहळू वाढतेय आणि डॉक्टरांना अमेलोब्लास्टोमाची (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या जबड्यातल्या गाठीची) शंका आहे, तर माझं मत सरळ बायोप्सीच. एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, पटकन होते, टाके नाहीत, पण सुईत पेशी सुट्या येतात, मांडणी कळत नाही, आणि गाठीवरचं हाड जाड असेल तर सुई आत जातच नाही. बायोप्सीच्या तुकड्यात स्लाइडवर पेशींची बेटं दिसतात, कडेला उंच पेशी कुंपणासारख्या ओळीत, त्यांचं केंद्रक आतल्या बाजूला सरकलेलं, मधे विरळ जाळी, निदान यावरच ठरतं. फक्त पोकळ गाठीत छोटा तुकडा फसवू शकतो, म्हणून काढलेली गाठ पूर्ण तपासायला लावाच. आणि हो, बायोप्सीसाठी कापण्याआधी सुई घालून आत काय आहे ते ओढून बघायलाच हवं, नुसतं रक्त आलं तर तिथेच थांबायचं, रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते.