गोव्याच्या खाऱ्या हवेत जुनी गाडी: पद्मिनी घ्यावी की ॲम्बॅसेडर?

जुनी गाडी घ्यायची म्हटली की गोव्यात चर्चा शेवटी दोन नावांवर येते, प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात आयात झालेल्या गाड्या काही घरांत अजून आहेत. पण त्या विक्रीला क्वचित निघतात आणि त्यांचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, म्हणून इथे त्यांचा विचार केलेला नाही.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० डिलाइट. मुंबईत कुर्ल्याला ती १९६४ पासून बनू लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि साधारण २००० पर्यंत ती निघत राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, लांबी सुमारे ३.९ मीटर, वजन ९०० किलोच्या आसपास. ॲम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला तिचे उत्पादन मे २०१४ पर्यंत चालू होते. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत १४८९ सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन असते, तर १९९० च्या दशकात इसुझूचे १८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअर आले. लांबी ४.३ मीटर. वाड्यातल्या अरुंद रस्त्यावर हा चाळीसेक सेंटिमीटरचा फरक रोज जाणवतो.

या दोघींपैकी कोणती हे ठरवताना लोक आधी बॉनेट उघडतात. गोव्यात आधी गाडीखाली झोपा. इंजिन कुठलाही चांगला मिस्त्री बांधून देतो. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर असतो. तो कुजला की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो, आणि तरीही गाडी सरळ चालेलच असे नाही.

पत्रा

पद्मिनीचा पत्रा पातळ. ती कुजते ती पुढच्या पायाखालच्या फ्लोअरला, दारांखालच्या बॉक्ससारख्या पट्ट्यांत, दारांच्या तळाला, काचेच्या रबराखाली, डिकीच्या तळात आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे अडकतात त्या ब्रॅकेटपाशी. पुढचे मडगार्ड आणि दाराचा खांब यांच्या सांध्यात चिखल साचतो. आपल्याकडची लाल माती ओली झाली की तिथे घट्ट बसते आणि मार्गशीर्ष आला तरी आतून ओलीच राहते. हा सांधा बाहेरून चकचकीत दिसतो, म्हणून चाक काढून आतून बघायचा.

ॲम्बॅसेडरचा पत्रा जाड, त्यामुळे कुजायला वेळ लागतो. पण तिची एक जागा पद्मिनीपेक्षा जास्त धोक्याची आहे. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नसून टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे लांब दांडे असतात, आणि त्या बारचे मागचे टोक पुढच्या सीटखालच्या आडव्या आधाराला, क्रॉस मेंबरला, बसते. ती जागा कुजली तर गाडी एका बाजूला बसते आणि जोरात ब्रेक मारल्यावर ओढते. तपासणी सोपी आहे. सपाट जागेवर गाडी उभी करा, चारही टायरमध्ये हवा बरोबर करा, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. फरक १५ ते २० मिमीपेक्षा जास्त असेल तर बार थकला आहे किंवा आधार गेला आहे. बार थकला असेल तर पुन्हा सेट करता येतो. आधार कुजला असेल तर ती गाडी सोडून द्या. बार काढायची वेळ आलीच तर डावा-उजवा खूण करून ठेवा, कारण वर्षानुवर्षे एकाच दिशेने पीळ बसलेला बार दुसऱ्या बाजूला टाकला तर तुटतो. बारवर गंजाचे खोल खड्डे असतील तरीही तो बदलावा, भेग तिथूनच सुरू होते.

दोन्ही गाड्यांसाठी खिशात लोहचुंबक आणि मध्यम स्क्रूड्रायव्हर ठेवा. पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली आहे. खालच्या पट्ट्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. कोरडा टणक आवाज आला तर पत्रा आहे, बदबद आवाज आला तर नाही. नुकतेच खालून डांबर मारलेली गाडी दिसली तर जास्त संशय घ्या. गंजावर मारलेले डांबर ओल आत कोंडते आणि पत्रा वरून काळा, आतून पापडी होत जातो. योग्य क्रम असा: तारेच्या ब्रशने पापडी काढणे, गंज रूपांतरक लावून वाळवणे, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग अंडरकोट. पोकळ पट्ट्यांत कॅव्हिटी वॅक्स फवारायचे आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोके तारेने मोकळी ठेवायची. जळके इंजिन ऑइल फवारायची जुनी पद्धत मात्र सोडावी. त्याने बुश आणि ब्रेकच्या नळ्यांचे रबर फुगते, आणि ते तेल शेवटी विहिरीच्या पाण्यात जाते.

ज्यांना थोडा धीर आहे त्यांनी गाडी घाटावरून आणावी. सोलापूर, सांगली, विजापूर या कोरड्या भागात वाढलेल्या गाडीचा पत्रा किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगला मिळतो. रंग उडालेला असला तरी हरकत नाही, पत्रा मात्र शाबूत हवा.

इंजिन आणि उष्णता

इथे दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पद्मिनीचे इंजिन हलके, वर पटकन फिरणारे. ब्लॉक बिडाचा पण वरचे झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचे. गाडी एकदा सणकून तापली की हेड वाकते आणि दोन्हींमधले गॅस्केट उडते. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे हेडही बिडाचे, ते बरेच सोसते. अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला तर ॲम्बॅसेडर थांबवून थंड करून पुढे नेता येते. पद्मिनीत तोच हलगर्जीपणा हेड उतरवायला लावतो.

पद्मिनी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे, आधीच चालू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी जा. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करा. सतत बारीक बुडबुडे येत असतील तर गॅस्केट गेले आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती वाफेमुळेही जमते. डिपस्टिकवरचे ऑइलसुद्धा दुधाळ असेल तर मात्र पाणी ऑइलमध्ये जात आहे. हेड उतरलेच तर त्यावर सरळ पट्टी ठेवा. खालून ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकला तर सरफेसिंग केल्याशिवाय नवे गॅस्केट टाकू नका. थंडाव्यासाठी विहिरीचे पाणी चालणार नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, कूलंटचे प्रमाण किमान ३० टक्के. नुसत्या पाण्याने ॲल्युमिनियम हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात, आणि होज जिथे बसतो ते तोंड आधी जाते.

ॲम्बॅसेडरचा दोष म्हणजे तेल. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नसते, ऑइल मागे लोटणाऱ्या आट्या असतात. त्यामुळे उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडणे हा बिघाड नव्हे. क्लच घसरू लागला किंवा डबके होऊ लागले तर मात्र बघावे, आणि तेव्हाही आधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी, नळी साफ करावी. ती तुंबली की आतला दाब तेल बाहेर ढकलतो. या इंजिनाचा टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवरची मोकळी फट, गरम असताना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी, आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. बिडाच्या हेडमध्ये थेट कापलेल्या व्हॉल्व्ह सीट त्याने झिजतात. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी कमी भरत असेल तर सीट आत जात आहे, असे समजा. कठीण धातूच्या सीट बसवून घेतल्या की प्रश्न कायमचा मिटतो.

कॉम्प्रेशन दोन्हींचे तपासावे. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ऑइल दोघींना २०डब्ल्यू-५० मिनरल, ॲम्बॅसेडरला फिल्टरसकट चार ते साडेचार लिटर, पद्मिनीला त्याहून कमी. ५,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचेच ऑइल घ्या. जीएल-५ पितळी सिंक्रो रिंग खाते.

पेट्रोल

आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि ओलावा आपल्याकडे भरपूर. गाडी दोन महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसते, टाकी आतून गंजते आणि कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी जमते. जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा फुगतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी एसएई जे३० आर९ छापाची घाला आणि पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे गंज डोळ्यांना दिसेल. मिश्रण पातळ होत असल्याने कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे भोक) मूळ मापापेक्षा एक माप मोठा लागतो. प्लगचे टोक पांढरट राहिले तर अजून पातळ आहे, बिस्किटी रंग आला की बरोबर.

व्हेपर लॉकचा, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा, त्रास दोघींना होतो, पद्मिनीला अधिक. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अर्धा तास रांगत गेल्यावर गाडी बंद पडली आणि पंपावर ओले फडके ठेवल्यावर चालू झाली, तर दुखणे तेच. कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा स्पेसर आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब नेणे, एवढ्याने बहुतेक वेळा भागते.

ब्रेक

जुन्या पद्मिनीला आणि जुन्या ॲम्बॅसेडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट. एका चाकाचा सिलिंडर फुटला की सगळा पेडल खाली जातो. म्हणून यात काटकसर नको. पेडल मिनिटभर दाबून धरा. तो हळूहळू खाली सरकला आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. टायरची आतली बाजू ओली असेल तर व्हील सिलिंडर. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते, त्यामुळे सिलिंडरला आतून खड्डे पडतात. नव्या रबर किटने ते चार महिने टिकते, पुन्हा गळते. खड्डे असतील तर सिलिंडरला स्टीलचा किंवा पितळी स्लीव्ह घालून घ्या. भाग धुवायला ब्रेक ऑइलच वापरा, पेट्रोल-डिझेलचा हात लागला तरी रबर फुगते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असे सांगतात ते कोरड्या हवेसाठी. इथे दर वर्षी, पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमारास बदलावे. वजनामुळे ॲम्बॅसेडरला थांबायला जास्त जागा लागते. नंतरच्या काळातली, पुढे डिस्क असलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजावेत.

पद्मिनीचे किंगपिन, म्हणजे पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी, दर १,५०० ते २,००० किमीला ग्रीस मागतात. ग्रीस मारताना पुढची चाके जॅकवर उचललेली हवीत, नाहीतर भार असलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही. बाहेर जुने काळे ग्रीस येऊन नवे दिसेपर्यंत मारायचे.

सुटे भाग

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सींसाठी चालणारा सुट्या भागांचा बाजार त्याबरोबर आटला. गॅस्केट, ब्रेक किट, क्लच प्लेट मिळतात. काचा, दारे, पुढची जाळी, हातगिअरच्या दांड्या शोधाव्या लागतात, म्हणून पद्मिनी घेताना या चार गोष्टी पूर्ण असल्याच पाहिजेत. ॲम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनली, तिचे यांत्रिक भाग आजही सहज येतात. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, स्लीव्हिंग अशा कामांना बेळगावचे उद्यमबाग किंवा कोल्हापूरचे उद्यमनगर उत्तम. डिझेल ॲम्बॅसेडर आणि डिझेल पद्मिनी हौसेसाठी घेऊ नयेत.

कोणी कोणती घ्यावी

बंदिस्त गॅरेज आहे, गाडी आठवड्याला चालणार आहे, आणि काट्यावर नजर ठेवायची सवय आहे, त्यांनी पद्मिनी घ्यावी. चालवायला ती जास्त आनंदाची, हलकी, गल्लीत वळणारी. गाडी पडवीत उभी राहणार, घरची पाच माणसे बसणार, महिन्यातून एकदा घाट चढायचा, त्यांना ॲम्बॅसेडर. बेळगाव-कोल्हापूर वरचेवर होत असेल तर १८०० सीसीचीच बघा. समुद्रापासून किलोमीटरभरात राहणाऱ्यांनी, जागा उघडी असेल तर, पद्मिनीचा विचार सोडावा.

पावसाळ्यात गाडी मातीवर किंवा गवतावर ठेवू नका, ओल खालून चढते. सिमेंटच्या जमिनीवर, हवा खेळेल अशी उभी करा. प्लॅस्टिकच्या आवरणाऐवजी सुती कापड घाला. हँडब्रेक सोडून चाकांना ओंडके लावा, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतात. दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी जमते. पंधरा-वीस किमी फिरवून आणा किंवा मुळीच चालू करू नका.

कागद

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणीचे नूतनीकरण लागते. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण त्या नंबरावर रोजच्या कामाला गाडी वापरता येत नाही. बाजारहाटाला गाडी न्यायची असेल तर साधे नूतनीकरणच ठेवा. परराज्यातली गाडी असेल तर पैसे देण्याआधी फॉर्म २८ वरची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात घ्या, आणि इंजिन नंबर नोंदणीच्या पुस्तकाशी स्वतः ताडून बघा. ॲम्बॅसेडरमध्ये इंजिने बदललेली खूप असतात. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल निघाले तर नोंद दुरुस्त करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती दुरुस्ती व्यवहारापूर्वीच झाली पाहिजे.