वॉकिंग फूट, आठ महिन्यांनंतर: गोधडी सुरेख, सुईचा स्क्रू मात्र डोकेदुखी

चौथी सुई मोडली, तेव्हा हे लिहायला घेतलं. दोष सुईचा नाही, कापडाचाही नाही. वॉकिंग फूट म्हणजे शिलाई मशीनच्या कापड दाबणाऱ्या साध्या फूटऐवजी लावायचा, वरूनही कापड सरकवणारा जोड. त्याला उजवीकडे जो छोटा हात असतो, सुई धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर बसणारा, सगळी भानगड त्याची आहे.

वापर असा: आठ महिने, घरगुती मशीन, जुन्या शर्ट-चादरींच्या चौकोनांच्या गोधड्या. 5 इंचाचा चौकोन कापायचा, पाव इंच माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) धरायची, म्हणजे शिवून साडेचार इंच उरतो. 14 आडवे, 20 उभे, असे 280 चौकोन, आणि वरचा पदर 63 बाय 90 इंचाचा. आत जुनी झिजलेली चादर दुहेरी, खाली अस्तर. तीन थर धरून शिवायचे असतील तर साधा फूट वरचा थर पुढे ढकलतो आणि मशीनच्या पट्टीतले कापड सरकवणारे दाते खालचा थर मागे ओढतात. ओळीच्या शेवटी वरचं कापड बोटभर जास्त उरतं आणि तिथे चुणी पडते. वॉकिंग फूटला वरूनही दाते असल्यामुळे दोन्ही थर बरोबर सरकतात. हे काम तो करतो, आणि चोख करतो.

आता तो हात. सुई वर गेली की हा हात उचलला जातो आणि वरचे दाते पुढचं पाऊल टाकतात. म्हणजे प्रत्येक टाक्याला सुईच्या स्क्रूवर एक ठोका. 90 इंचाच्या ओळीत 3 मिलिमीटरचा टाका धरला तर साडेसातशेच्या वर ठोके. बोटांनी आवळलेला स्क्रू तेवढ्यात सैल होतो. सुई एखादा मिलिमीटर खाली घसरते आणि टाके सुटू लागतात. इथेच बहुतेकांची फसगत होते: टाके सुटले की धाग्याचा ताण फिरवायचा, बॉबिन बदलायची, मशीनला शिव्या द्यायच्या. ताण जिथे होता तिथेच राहू द्या, आधी स्क्रू बघा. तो बघितला नाही तर पुढच्या काही इंचांत सुई आणखी उतरते, खालच्या हुकावर (बॉबिनभोवती फिरून धागा पकडणारा भाग) किंवा पट्टीवर आपटते, आणि टक्. तुकडा हुकात अडकला तर हुकावर चरा पडतो, मग धागा तुटत राहतो, ते वेगळंच.

उपाय अगदी साधा आहे, पण डब्यासोबतच्या कागदावर नाही. स्क्रू स्क्रूड्रायव्हरने आवळा, बोटांनी नाही. हलक्या हाताने, पेच खराब होईल इतका जोर नको. प्रत्येक बॉबिन संपली की एकदा तपासा. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ मोडलेली दिसली की थांबा.

बसवण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. फूट बसवायचा दांडा आखूड आहे की उंच: हा दांडा खाली असताना फूटच्या स्क्रूच्या भोकापासून तळापर्यंत साधारण अर्धा इंच म्हणजे आखूड, एक इंच म्हणजे उंच. दोघांचे फूट एकमेकांना चालत नाहीत. दुसरं, सुईचा स्क्रू उजवीकडे बाहेर आलेला हवा. तो तिथे नसेल तर हात टेकायला जागाच नाही, आणि फूट नुसता जड साधा फूट होऊन बसतो.

पहिले तीन महिने मत असं होतं की ही वस्तू घेतली नसती तरी चाललं असतं. आवाज बैलगाडीचा, वेग निम्मा, उलट टाका घालायला गेलं की थर गोळा होतात. त्यात चिंध्या फुकट आणि त्या शिवायला विकतचा सांगाडा, हे गणितच खटकत होतं. मत बदललं ते जीन्समुळे. जीन्स आणि मऊ सुती एकाच ओळीत आले की साधा फूट जीन्सच्या सांध्यावर अडतो, तिथे चार-पाच टाके एकमेकांवर बसतात आणि पुढे एकदम लांब टाका पडतो. वॉकिंग फूट तो चढ हळूच, पण न अडता चढतो. मात्र सांध्यावर चाक हातानेच फिरवायचं, आणि सुई 100 नंबरची. बाकी सुतीला 90 पुरते.

तरीही आता आणखी एक सुधारणा करावी लागतेय. पाच महिन्यांनंतर लक्षात आलं की अर्धा फायदा फूटचा नसून दाबाचा आहे. मशीनला फूटच्या दाबाची खुंटी असेल तर दाब कमी करा, साध्या फूटनेही चुण्या निम्म्या होतात. पातळ गोधडी, म्हणजे दोन चादरी आणि वर तुकडे, एवढी शिवायची असेल तर वॉकिंग फूटची गरज नाही. चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला, मधल्या ओळीपासून बाहेर शिवत जा, काम होतं.

फूटकडून न होणारी कामंही लोक त्याच्याकडून मागतात. वळणदार नक्षी त्याने होत नाही, तो फक्त पुढे चालतो. आणि चौकोन जोडण्यातली चूक तर त्याच्या बापालाही सुधारता येणार नाही. मायेत दीड मिलिमीटर जादा गेलं की प्रत्येक सांध्याला तीन मिलिमीटर कमी, 13 सांध्यांत जवळजवळ चार सेंटीमीटर. ओळी मग एकमेकींना जुळत नाहीत आणि दोष फूटच्या नावावर.

कापडाचं थोडक्यात. पंधरा-वीस चौकोन एका पूर्ण शर्टाच्या पाठीतून निघतात. कोपर, गुडघा आणि बसण्याची जागा टाकून द्या. उजेडाकडे धरल्यावर विरळ दिसलं, किंवा दोन्ही हातांनी ताणल्यावर धागे सरकले, तर ते कापड अस्तराच्या आतच ठेवा. टी-शर्टचं कापड घ्यायचं असेल तर मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, नाहीतर कापताना चौकोनाचा समांतरभुज होतो. उरेब (तिरके) कापलेले तुकडेही असेच ताणतात. गडद लाल-निळं आधी वेगळं धुवून बघा. या गोधड्यांत वरचे धागे एकदाही तुटले नाहीत. पहिल्या धुण्यात उसवलं ते जुन्या विरळ शर्टाचं कापड, आणि तेही शिवणीच्या कडेनेच. विरळ कापडाला पाव इंच माया पुरत नाही, अर्धा इंच सोडा आणि चौकोन साडेपाच इंचाचा कापा.

जुन्या चादरीचा तंतू फूटच्या वरच्या दातांत बसतो. प्रत्येक गोधडीनंतर टूथब्रशने झाडा आणि बिजागरीला तेलाचा एक थेंब द्या. दोन थेंब दिले तर पहिल्या चौकोनावर डाग.

फूट ठेवतोय, विकत नाही. पण सुयांचं पाकीट आता दहाचं घेतलंय आणि मार्कर मशीनच्या खणातच असतो.