गोबरगॅस की छतावरचं सोलर?

कागलकडच्या एका मित्राच्या गोठ्यात चार-पाच म्हशी, घरात पाच माणसं. स्वयंपाकासाठी गोबरगॅस बांधू की सोलर बसवून इंडक्शन घेऊ, असं त्यानं विचारलं. निसर्गाला कोण कमी छळतं, एवढंच बघू.

सोलर वापरताना धूर नाही, पण पॅनेल बनवताना कोळसा जळतोच. तो धरूनही युनिटमागे साधारण 40-50 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या विजेचा आकडा 800 च्या वर. बॅटरी टाळून नेट मीटरिंग घ्या (जादा वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना द्यायची, लागेल तेव्हा परत घ्यायची), शिशाचा कचरा वाचतो. पंचवीसेक वर्षांनी पॅनेल भंगारात नको, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. रात्री आणि ऐन आषाढात मात्र ग्रिडचीच वीज.

गोबरगॅसची गोम गळतीत आहे. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. जोडांना साबणाचं पाणी लावून तपासायचं, जादा गॅस सोडून न देता जाळायचा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी लागतं. राबणूक आहेच (सोलरवाले इथंच हसतात), पण स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला) उसाला जाते, रासायनिक खत तेवढं कमी.

म्हशी टिकणार आणि शेण कालवायला माणूस असेल, तर गोबरगॅसच. गोठा मोडायचा बेत असेल किंवा कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीत नुसतं छतच हाताशी असेल, तर सोलर.