बेलापूर सीबीडीतली नूतनीकरण केलेली जुनी ऑफिस इमारत: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

इमारत तळमजला अधिक नऊ मजले, बांधकाम १९८०च्या दशकातलं, नवी मुंबईतल्या बेलापूर स्टेशनातून पायी पोचता येईल एवढ्या अंतरावर. पाडून टॉवर उभा करायचा की आहे तीच नीट करायची, यावर गाळेधारकांच्या सोसायटीत बरीच वर्षं खल झाला आणि अखेर दुरुस्तीचा पक्ष जिंकला. नूतनीकरणानंतर सहाव्या मजल्यावर ऑफिस थाटलं, त्याला आता एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा उलटला. अशा इमारतीत जागा घेणाऱ्यांसाठी मत आधीच सांगतो. सांगाडा राखला हे अगदी बरोबर झालं. पश्चिमेची बाजू काचेने मढवली हे चुकलं, आणि त्याची किंमत रोज दुपारी तीननंतर मोजावी लागते.

सांगाड्यापासून सुरुवात करू, कारण तो धड नसेल तर बाकीचं बघण्यात अर्थ नाही. खाडीकाठची खारी हवा, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्या काळच्या बांधकामात सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम २० ते २५ मिलिमीटर. गंज धरणारच. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली करावंच लागतं, पण ऑडिटचा अहवाल उघडून वाचा. नुसता रिबाउंड हॅमर मारून शेरा दिला असेल तर त्यावर विसंबू नका. तो हॅमर फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो, आणि कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली गुण गमावलेलं, काँक्रीट उलट जास्त आकडा दाखवतं. अहवालात अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतल्या भेगा-पोकळ्या शोधणारी चाचणी), हाफ-सेल (सळई गंजण्याची शक्यता सांगणारी विद्युत चाचणी), कोअरची, म्हणजे कापून काढलेल्या काँक्रीटच्या नळकांड्याची, ताकद आणि कार्बोनेशनची खोली या चारही गोष्टी हव्यात. कार्बोनेशनची चाचणी साधी आहे: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईचं रक्षण करतंय. रंग चढला नाही आणि ती खोली सळईपर्यंत पोचली असेल, तर गंज सुरू झालाय किंवा होणार आहे. इथे बाहेरचे कॉलम आणि छज्जे या चाचणीत नापास झाले, आतले बहुतेक कॉलम पास.

दुरुस्ती कशी झाली हे विचारायला लाजू नका. टेकू लावून भार उतरवायचा, सळईच्या मागे दोनेक सेंटिमीटरपर्यंत काँक्रीट काढायचं, गंज पूर्ण घासायचा, झिंकचं प्रायमर, मग जुनं-नवं काँक्रीट सांधणारा बाँड कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. गडबड हमखास दोन ठिकाणी होते. एक म्हणजे सळईची फक्त समोरची बाजू घासली जाते आणि मागचा गंज तसाच राहतो. दुसरी म्हणजे बाँड कोट लावून मिस्त्री जेवायला जातो, कोट सुकतो, आणि वरचा थर वर्ष-दोन वर्षांत सुटतो. तपासायला इंजिनिअर लागत नाही. पार्किंगमधल्या आणि टॉयलेटला लागून असलेल्या कॉलमवर छोट्या हातोडीने ठोकत जा. भरीव टणक आवाजाच्या मध्येच पोकळ आवाज आला की तिथे खडूने खूण करा. आमच्याकडे पार्किंगमध्ये दोनच जागा अशा निघाल्या. एवढ्या मोठ्या कामात हे चांगलं आहे.

जॅकेटिंगबद्दल, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचा थर देऊन तो मजबूत करण्याबद्दल, एक गोष्ट व्यवहाराच्या वेळी कुणी सांगत नाही. चारही बाजूंनी १०० मिलिमीटरचं जॅकेट दिलं की ३०० बाय ६०० चा कॉलम ५०० बाय ८०० होतो. जागेतून थेट ०.२२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच चौरस फूट जातात, आणि असे कॉलम गाळ्यात पाच-सहा असले तर बारा ते चौदा चौरस फूट. करारात मात्र जुनाच कार्पेट एरिया असतो. लेझर मीटरने जागा नव्याने मोजून घ्या आणि तो आकडा करारात घाला.

मजल्याची उंची ३.६ मीटर, बीम ६०० मिलिमीटरचे. बीमखाली तीन मीटर उरतात. त्याखाली एसीचे डक्ट आणि फॉल्स सीलिंग घेतलं असतं तर डोक्यावर २.४ मीटर राहिले असते आणि जागा कोंदट झाली असती. वास्तुविशारदाने इथे खरोखर डोकं वापरलंय: व्हीआरएफ पद्धत (बाहेरच्या एका यंत्रातून अनेक एसी युनिटांना पाइपने शीतक पुरवणारी), तांब्याचे पाइप बीमच्या मधल्या खणांतून, खणातच छताला टांगलेलं एसीचं कॅसेट युनिट, सीलिंग नाहीच. जागा मोकळी वाटते आणि वर काय गळतंय ते लगेच दिसतं.

पण कॅसेट युनिट खोलीतलीच हवा गार करून फिरवतं, बाहेरची ताजी हवा आणत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ताज्या हवेचं युनिट वेगळं लागतं. इथे ते आहे, पण त्याच्या जाळ्या मोकळ्या हॉलमध्ये आहेत, बंद केबिनमध्ये नाहीत. मीटिंग रूममध्ये दहा माणसं दार लावून बसली की तासाभरात कार्बन डायऑक्साइडचा मीटर १,४०० पीपीएमच्या पुढे जातो. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो आणि हजाराच्या आत ठेवावा असा संकेत आहे. जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये सगळे पेंगतात, त्याचं खापर नुसतं जेवणावर फोडू नका. उपाय स्वस्त आहे: दाराखाली २० मिलिमीटरची फट आणि खिडकीवरच्या पॅनेलमध्ये १५० मिलिमीटरचा इनलाइन पंखा. तो बसवल्यावर आकडा नऊशेच्या आसपास थांबला.

आता काच. मूळ इमारतीला पश्चिमेकडे उभे आरसीसी फिन, म्हणजे ऊन अडवणाऱ्या बाहेर आलेल्या पट्ट्या, होत्या आणि प्रत्येक खिडकीवर साडेसातशे मिलिमीटरचा छज्जा. नूतनीकरणात पूर्व आणि उत्तर बाजूचे छज्जे दुरुस्त करून ठेवले, नव्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या. रस्त्याकडची पश्चिम बाजू मात्र ‘दर्शनी’ म्हणून फिन कापून टाकले आणि काच व एसीपीचं (ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या पॅनेलचं) आवरण चढवलं. त्यामुळे एकाच मजल्यावर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरून बघता येतात. पूर्वेच्या टेबलांवर दिवसभर दिवे न लावता काम होतं. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते सहा पडदे पूर्ण खाली, वर दिवे चालू, आणि तरी खिडकीपासून दीड मीटरवर बसणाऱ्याच्या दंडाला झळ लागते. काच चांगली आहे, दुहेरी, लेप दिलेली. पण उतरतं ऊन जवळजवळ आडवं येतं आणि काचेच्या आत शिरल्यावर पडदा त्याला खोलीतच अडवतो, बाहेर घालवत नाही. उष्णता अडवायची तर काचेच्या बाहेरच.

जुन्या आरेखकांना हे नेमकं कळलेलं होतं. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य माथ्याच्याही उत्तरेला असतो आणि मावळतो तो वायव्येकडे सरकून. दक्षिणेला छोटा छज्जा पुरतो. पश्चिमेला छज्जा फारसा कामाचा नाही, तिथे उभे फिनच लागतात. ते फिन शोभेसाठी नव्हते.

काचेच्या आवरणाला जग कायमस्वरूपी समजतं, तेही खरं नाही. न्यूयॉर्कचं लिव्हर हाउस १९५२चं, काचेच्या ऑफिस टॉवरांचा आद्य नमुना. त्याच्या आवरणातलं पोलाद आतून गंजलं, फुगलं, काचा तडकत गेल्या आणि पन्नासेक वर्षांत अख्खं आवरण नवं करावं लागलं. इमारतीचा सांगाडा तोच राहिला. आपल्याकडे सिलिकॉनचे सांधे त्याच्या कितीतरी आधी दगा देतात.

इथे पहिल्याच पावसात दिला. नैर्ऋत्येचा वारा पाणी सरळ सांध्यात दाबतो. गळतीची कारणं दोन निघाली. काही सांध्यांत बॅकर रॉड, म्हणजे सांध्याच्या तळाशी बसवायची फोमची दोरी, न घालता थेट सिलिकॉन भरलं होतं. मग ते दोन बाजूंऐवजी तीन बाजूंना चिकटतं, उन्हाने पॅनेल सरकलं की ताणता येत नाही आणि फाटतं. सांध्याची खोली रुंदीच्या निम्मी हवी, तळाशी रॉड हवा. दुसरं कारण पाहून वाईट वाटलं. चौकटीच्या खालच्या पट्टीत आत आलेलं पाणी बाहेर काढायला बारीक भोकं ठेवलेली असतात. कुणीतरी ती गळतीची जागा समजून नीट सिलिकॉनने बुजवली होती. पाणी पट्टीत साचून आतल्या बाजूने ओघळत होतं, थेट जमिनीतल्या प्लगबॉक्सकडे. ताबा घेण्याआधी मेमध्येच पाइपने चाचणी घ्या: खालून वर जात, दर दीड मीटर सांध्याला पाच मिनिटं पाणी, आत एक माणूस बॅटरी घेऊन. वरून सुरुवात केलीत तर पाणी खाली ओघळतं आणि नेमकी कुठे गळती आहे ते कळत नाही.

त्याच वेळी स्लॅबची कड आणि काच यांच्यातली फट बघा. तिथे रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) आणि वर फायर सीलंट हवं. नसेल तर खालच्या मजल्यावरचा धूर त्याच फटीतून वर येतो.

लिफ्टबद्दल फार काही करता येत नाही. केबिन, मोटर, दारं सगळं नवं, पण शाफ्ट जुनाच, त्यामुळे दोन लिफ्ट आणि प्रत्येकी आठ माणसं. सगळीकडे थांबत जाणारी एक फेरी अडीच मिनिटांची. म्हणजे पाच मिनिटांत दोन्ही मिळून फार तर तीस-बत्तीस माणसं. इमारतीत सहाशेच्या आसपास लोक आणि लोकल आली की पन्नास जण एकदम. साडेनऊ ते सव्वादहा रांग ठरलेली. चौथ्या मजल्यापर्यंत जागा मिळत असेल तर तीच घ्या, जिना चांगला रुंद आणि उजेडाचा आहे. ऑफिसची वेळ नऊची ठेवली तरी त्रास बराच कमी होतो.

टॉयलेटचे बिडाचे पाइप बदलून यूपीव्हीसीचे टाकले, खालच्या मजल्याच्या छताला ओल नाही, काम चोख. वास मात्र येत होता. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी ट्रॅपशिवाय थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपला जोडली होती. युनिट बंद असलं की गटाराचा वास कॅसेटमधून टेबलावर. नळीला खोल यू-ट्रॅप दिला आणि शंभराला एक उतार तपासला, वास गेला. न वापरल्या जाणाऱ्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी एसीने सुकतं, तिथे आठवड्यातून एक तांब्या पाणी ओतत चला.

आगीच्या बाबतीत कागद आणि वस्तुस्थिती दोन्ही बघा. २००६च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक संस्थेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा लागतं. शेवटचं मागून घ्या. आणि मग जिन्याच्या फायर डोअरखाली वीट सरकवून ठेवलीय का ते बघा. इथे तीन मजल्यांवर ठेवलेली असते, वारा यावा म्हणून. आगीत तोच जिना धुराड्याचं काम करेल. सोसायटीला पुन्हा पुन्हा सांगितल्यावर दारांना चुंबकाचे होल्डर लावायचं ठरलंय, अलार्म वाजला की आपोआप सुटणारे. ते लवकर व्हावेत.

जुन्या ऑफिस स्लॅबची क्षमता साधारण चौरस मीटरला २५० ते ४०० किलो धरलेली असते. रुळांवरचे फायलींचे कॉम्पॅक्टर किंवा यूपीएसच्या बॅटऱ्या स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, बीमवर किंवा कॉलमलगत न्या आणि इंजिनिअरचं पत्र घ्या. सीए आणि वकिलांची ऑफिसं इथे बरीच, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो.

आता त्या जुन्या वादाकडे. मेट्रो २०२३च्या नोव्हेंबरमध्ये बेलापूर ते पेंधर धावू लागली, विमानतळाचं उद्घाटन २०२५च्या ऑक्टोबरमध्ये झालं, आणि तेव्हापासून आजूबाजूच्या प्रत्येक जुन्या इमारतीला ‘पाडा आणि चढवा’ असा सल्ला मिळतोय. पण त्याच विमानतळामुळे उंचीला विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. कागदावरचा चटई निर्देशांक (भूखंडावर किती बांधता येईल ते ठरवणारा आकडा) पूर्ण चढवता येईलच असं नाही. शिवाय जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. १९८०च्या दशकातल्या भूखंडाच्या पट्ट्याची बरीच वर्षं सरलेली आहेत. गाळा विकत घेत असाल तर उरलेली वर्षं आणि सिडकोचं हस्तांतरण शुल्क आधी विचारा, मग लॉबीतला ग्रॅनाइट बघा.

या भागाबद्दल आस्था आहे म्हणून लिहितो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या नियोजकांनी खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली ती मुंबईच्या दक्षिण टोकावरचा ऑफिसांचा भार हलवण्यासाठी. मंत्रालय आलं नाहीच. उलट नरिमन पॉइंटची १९७४ची एअर इंडिया इमारत १,६०१ कोटींना राज्य सरकारकडे द्यायला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तरी बेलापूरची ही मध्यम उंचीची, उजेडाची, छज्जेवाली ऑफिसं चाळीस वर्षं चालत आली आहेत आणि सांगाडा नीट केला तर आणखी चालतील.

राहिली पश्चिम बाजू. काचेवर फिल्म लावण्याचा प्रस्ताव आहे, त्याने फार फरक पडणार नाही, आणि दुहेरी काचेवर आतून गडद फिल्म लावली तर काच तापून तडकण्याचा धोका असतो. बाहेरून उभ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावायला हव्यात, ३०० मिलिमीटर खोल, थोड्या नैर्ऋत्येकडे वळवलेल्या, म्हणजे वायव्येचं ऊन अडेल आणि रस्ताही दिसेल. ब्रॅकेट एसीपीच्या चौकटीवर नको, थेट बीमवर, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या केमिकल अँकरने (रसायनाने काँक्रीटात चिकटवलेल्या बोल्टने). साधं स्टेनलेस खाडीच्या हवेत डाग धरतं. आणि पॅनेल कापल्यावर त्या भोकाभोवती रॉड घालूनच सिलिकॉन भरून घ्या. काम डिसेंबरात सुरू केलं तर मार्चपर्यंत उरकतं.