राक्षसच जेव्हा मुलांना घाबरतात

पिक्सारचा 'मॉन्स्टर्स, इंक.' (२००१) हा अॅनिमेशनपट मी भाचीला मुद्दाम दाखवला, कारण तिला रात्री कपाटाच्या दाराची भीती वाटते. यातले राक्षस कपाटाच्या दारातूनच येऊन मुलांना घाबरवतात, कारण त्यांचं शहर मुलांच्या किंकाळ्यांवर चालतं, पण मुलं विषारी असतात अशी त्यांचीच समजूत! एका राक्षसाच्या पाठीला लहान मुलाचा मोजा चिकटतो आणि अख्ख्या कारखान्यात धावपळ उडते. तिथे भाची खदखदून हसली. निळ्या, केसाळ सलीचा, म्हणजे नायक राक्षसाचा, एकेक केस हलताना दिसतो. राक्षसांच्या जगात शिरलेल्या छोट्या बूचा आवाज खऱ्या चिमुरडीचा आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी ती एका जागी बसेना, म्हणून मायक्रोफोन घेऊन तिच्या मागे फिरावं लागलं. बोबडे बोल इतके जिवंत वाटतात ते त्यामुळेच. खलनायक राक्षस रँडल मात्र धाकट्यांना घाबरवेल, तेव्हा शेजारी बसा.