विंडोज ११ची फाइल हिस्टरी: फुकट आणि भरवशाची, पण सेटिंग बदलाच

घरच्या फोटो-कागदपत्रांच्या बॅकअपसाठी, म्हणजे जादा प्रत ठेवायला, वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका; विंडोजमधली फाइल हिस्टरी तेच काम करते. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडून ‘टर्न ऑन’ दाबा. बदललेल्या फायलींची प्रत दर तासाला निघते. जुन्या प्रती मात्र ‘फॉरएव्हर’ साठतात आणि डिस्क भरते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘अनटिल स्पेस इज नीडेड’ निवडा.

खरी मेख वेगळीच आहे. डी ड्राइव्हवरचे फोल्डर आपोआप घेतले जात नाहीत, ते राइट क्लिक करून लायब्ररीत (विंडोजच्या फोल्डरांच्या गटात) घालावे लागतात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट: प्रती साध्या फायलीच असतात, नावाला तारीख-वेळ जोडलेली. दुसऱ्या संगणकावरही थेट उघडतात. ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.