बेलापूरचा सागरी कायद्याचा वर्ग: चार्टचं टेबल उत्तम, भारताची बाजू अर्धीच

सीबीडी बेलापूरमधल्या एका खासगी संस्थेचा हा शनिवार-रविवारचा वर्ग. बसणारे बहुतेक नेरूळ-खारघरकडचे कॅडेट, न्हावाशेवा बंदरात क्लिअरिंगचं (मालाच्या सीमाशुल्क सोडवणुकीचं) काम करणारे आणि काही वकील. फीचे पैसे वसूल होतात ते चार्टच्या, म्हणजे सागरी नकाशाच्या, टेबलावर.

प्रत्येकाच्या हातात डिव्हायडर (अंतर मोजायचा दोन टोकांचा कंपास) आणि पॅरलल रूलर (समांतर रेघा काढायची जोडपट्टी) देऊन मुंबईसमोरची १२ सागरी मैलांची हद्द कागदी चार्टवर काढायला लावतात. दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे अंतर वरच्या किंवा खालच्या, म्हणजे रेखांशाच्या, पट्टीवर मोजणं. सागरी मैल मोजायचा तो बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर, तोही आपल्याच अक्षांशाच्या आसपास. तिथे एक मिनिट म्हणजे एक मैल, १८५२ मीटर. १९ अंशांवर रेखांशाचं मिनिट साधारण ०.९५ मैलच भरतं, त्यामुळे हद्दीची रेघ सुमारे १.२ किलोमीटर किनाऱ्याकडे सरकते. दुसरी चूक किनाऱ्यापासून मोजण्याची. हद्द आधाररेषेपासून सुरू होते. ती एरवी ओहोटीच्या पाण्याची रेघ असते. पण भारताने २००९ मध्ये सरळ आधाररेषाही (किनाऱ्यावरचे ठरावीक बिंदू जोडणाऱ्या) अधिसूचित केल्या आहेत, तिथे त्याच धरायच्या. शिक्षक रेघ पुसून पुन्हा काढायला लावतात, हे फार चांगलं.

निर्दोष मार्गक्रमणही नीट शिकवतात. परदेशी जहाजाने प्रादेशिक समुद्रातून, म्हणजे त्या १२ मैलांच्या हद्दीतून, न रेंगाळता, सलग जायचं. नांगर टाकायचा तो नेहमीच्या नौकानयनाचा भाग म्हणून किंवा संकटातच. मासेमारी किंवा सर्वेक्षण सुरू केलं की ‘निर्दोष’पण संपलं. पाणबुडीने पृष्ठभागावर, झेंडा दाखवत जायचं.

घसरण होते ती शेवटच्या भागात. ‘भारत नौकानयन स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आहे’ अशी एक स्लाइड दाखवतात आणि पुढे जातात. विधान खरं आहे, पण वादाचा मुद्दा त्याच्या पुढे आहे. आपल्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार परदेशी युद्धनौकेने प्रादेशिक समुद्रात येण्याआधी सूचना द्यावी लागते; संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी करारात अशी अट लिहिलेली नाही. १९९५ मध्ये करार मंजूर करताना भारताने असंही जाहीर केलं, की २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात आमच्या संमतीशिवाय लष्करी कवायती करण्याचा अधिकार हा करार कोणाला देत नाही. ७ एप्रिल २०२१ ला लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० मैलांवर अमेरिकेची युद्धनौका ‘जॉन पॉल जोन्स’ याच मतभेदावरून आली, आणि अमेरिकेने स्वतः हा करार मंजूर केलेला नाही. मालवाहू जहाजांना या दोन्ही अटी लागू नाहीत. क्लिअरिंगवाल्यांना सांगायचं ते नेमकं हेच, आणि तेच राहून जातं.

बांगलादेशाबरोबरच्या सीमावादालाही दोन मिनिटंच मिळतात. २०१४ च्या निवाड्यात वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले आणि भारताने तो मानला. समुद्री कायद्याशी आपली बांधिलकी दाखवणारं यापेक्षा भक्कम उदाहरण आमच्या मते नाही. त्याला निदान अर्धा तास द्यायला हवा.

कॅडेटनी जरूर जावं. वकिलांनी १९७६ च्या कायद्याचं कलम ४ आधी वाचून जावं, कारण नोट्समध्ये ते जोडलेलं नाही. डिव्हायडर स्वतःचा न्यावा. तिथल्यांचे बिजागर सैल झालेत, माप हलतं.